पस्तान

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते आणि मोनिकाच्या मते ती डोक्याला आहे. सासूसुनेचं एकमत व्हावं असा आमच्या घरात हा एकच विषय. मी वाळूजला एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. माल वेळेवर आला नाही की लाइन बंद पडते आणि लाइन बंद पडली की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे माझ्याकडं बघतात. त्यामुळे कुठलीही गोष्ट हातात पडेपर्यंत ती येणारच नाही, असं धरून चालायची मला सवय लागली आहे. अशा माणसाला सहलीचं ठरवायला बसवू नये. त्यात परदेशाची सहल, आणि तीही कोरोनाच्या दिवसांत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

सहल आपली म्हणायची. व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण विचारलं होतं, तिथं मी पर्यटन लिहिलं. माझा पोरगा सत्यम दहा वर्षांचा. त्याला रात्री उघडं असणारं प्राणिसंग्रहालय बघायचं होतं आणि शाळेत तसं सांगूनही झालं होतं. मोनिकानं समुद्रकाठी घालायला टोप्या आणल्या. पण आम्ही चौघं सिंगापूरला का चाललो होतो हे चौघांनाही माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तिथं माझी धाकटी बहीण सायली राहते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमचे आप्पा गेले. सायलीला तेव्हा पाचवा महिना होता. तिकडच्या सरकारनं भारतातून येणाऱ्यांना दार लावून घेतलं होतं. ती आली असती तर परत नवऱ्याकडं कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता. ती आली नाही. आईनं तिला फोनवर सांगितलं. फोनवर सांगून सांगून माणूस किती सांगणार?

आमच्याकडं कुणी गेलं की पहिल्या भेटीला बाया गळ्यात गळा घालून रडतात. मोठ्यानं, गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचं सगळं काढून काढून. ते झाल्याशिवाय भेट झाली असं कुणी धरत नाही. एकदा ते झालं की कुणीतरी उठून चहा ठेवतं, आणि मग पाऊसपाणी, पोरंबाळं, असं बोलणं पुढं सरकतं. आई आणि सायलीचं ते राहून गेलं होतं. मायलेकी रोज व्हिडिओवर बोलायच्या. ऑगस्टमध्ये सायलीला मुलगी झाली, ती पालथी पडायला लागली, तिला टोपडं कसं बांधायचं, सगळं बोलून व्हायचं. आप्पांचं नाव मात्र ती काढायची नाही आणि आई काढायची नाही. फोन ठेवला की आई घरभर फिरत राहायची. भरलेला हंडा रिकामा करून परत भरायची. दिवाळीला तिनं फराळाला हातसुद्धा लावला नाही आणि मला म्हणाली, "विश्वा, मला एकदा पोरीला भेटीव. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

एवढं एकच काम होतं. ते करायला मी निघालो होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी सिंगापूरनं दोन डोस झालेल्यांसाठी, आणि त्यांच्याबरोबरच्या लहान पोरांसाठी, ठरावीक विमानं सुरू केली. मी टपूनच बसलेलो होतो. मुंबईहून जागा मिळाली ती दोन जानेवारीची, रविवारची. त्यानंतर मी सुखानं झोपावं की नाही? पण नेमका डिसेंबरात तो नवा ओमिक्रॉन आला आणि रोज नियम बदलायला लागले. सिंगापूर सरकारची वेबसाइट मी इतक्या वेळा उघडायचो, की त्यांना वाटत असेल औरंगाबादेत आपलं एक ऑफिस आहे. तेव्हा आमचं गाव कागदावर औरंगाबादच होतं. नाताळच्या तोंडावर बातमी आली की त्या विमानांची नवी तिकिटं विकणं बंद. ज्यांची निघालेली आहेत त्यांनी जावं. म्हणजे आमचं जमलं होतं, पण हे विमान चुकलं की दुसरं मिळणार नव्हतं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. घरात कुणी शिंकलं तरी मी उठून बघायचो. सत्यमला क्रिकेट बंद, मोनिकाला भाजीबाजार बंद, दूधवाल्याला पिशवी फाटकाला अडकवायला सांगितली.

त्यातच आईनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"विश्वा, दोन तारखेला अमावस्या हाय."

"असू दे की."

"असू दे कसं? इतक्या लांबचा रस्ता, अन् अमावस्येला घर सोडायचं?"

"आई, विमान पंचांगावर चालत नाही."

"विमान नाय चालत. मी चालते ना."

मी तिला समजावलं, नंतर आवाज चढवला, नंतर पुन्हा समजावलं. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा अगदी मोकळा होता, भाजी निवडताना गुणगुणतही होती. मला वाटलं, पटलं. पन्नाशीला आलो तरी मला कळलेलं नाही की आई गप्प झाली म्हणजे तिला पटलेलं नसतं, तिचं ठरलेलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी, निघायला अजून चार-पाच दिवस असताना, मी विमानतळाची रंगीत तालीम घ्यायची ठरवली. दिवाणखान्यात जेवणाचं टेबल आडवं लावलं आणि मागं बसलो. तिघांना मास्क लावून रांगेत उभं केलं. मोनिकाची कणीक तशीच राहिली म्हणून ती धुसफुसत होती. सत्यमला मजा वाटत होती. आईनं नवीन स्वेटर घातला होता.

"लशीचं प्रमाणपत्र?"

मोनिकानं दिलं.

"विम्याचा कागद?"

तोही दिला.

"पासपोर्ट?" मी ऑफिसरासारखा हात पुढं केला.

मोनिकानं आईकडं बघितलं, कारण पासपोर्ट आईच्या कपाटात असायचे आणि किल्ली आईच्या कमरेला. आई भिंतीकडं बघायला लागली.

"आई, पासपोर्ट."

"ते कवाच निघालेत," आई म्हणाली.

"कुठं?"

"सिंगापूरला. आपल्या आधी."

मग हळूहळू उलगडा झाला. आईनं पस्तान ठेवलं होतं. शहाणी माणसं प्रस्थान म्हणतात. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असला तर आधीचा एखादा चांगला दिवस बघून आपलं काहीतरी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. सामानानं उंबरा ओलांडला म्हणजे माणूसही निघालं असं धरतात. मग वाईट दिवशी नुसतं जाऊन ते उचलायचं आणि पुढं चालू लागायचं. अमावस्या लागत नाही. आईनं शुक्रवारी, मी कामावर असताना, रिक्षा केली, उस्मानपुऱ्यात दगडाआत्याकडं गेली आणि दारातूनच पिशवी तिच्या हातात देऊन आली. दगडाआत्या म्हणजे आप्पांची चुलत बहीण. बिडकीनजवळच्या आमच्या गावातून ही दोघं बरोबरच शिकायला शहरात आली आणि तिचं घर कायम आमचं दुसरं घर राहिलं.

"अगं पण पस्तानात सुपारी ठेवतात, हळकुंड ठेवतात. पासपोर्ट कोण ठेवतं?"

"तुझे आप्पा काशीला निघाले तवा त्यांचं धोतर ठेवलं व्हतं. धोतराबिगर त्यांना जाता येत नव्हतं. आता पासपोर्टाबिगर जाता येत नाय. ज्याच्याबिगर भागत नाय तेच ठेवायचं असतंय."

मोनिका तर मान हलवायला लागली होती, जसं काही हे रीतसर झालं.

"मला सांगायचं तरी."

"तू चिडला असता."

"मी कशाला चिडेन?" असं मी इतक्या जोरात म्हणालो की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

आत्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला आणि आधी खोकला ऐकू आला.

"विश्वा, मला झालंय रं ते. इंद्रजीतला दुपारी दवाखान्यात नेलंय. सिल्लोडला बारशाला गेलतो आम्ही, तिथून घेऊन आलो."

"आत्या, ती पिशवी..."

"देवापशी हाय. मला उठवंना बघ आता. सकाळच्याला उठून दारात ठेवते, मग ये."

इंद्रजीत म्हणजे तिचा मुलगा. त्याची बायको सिल्लोडलाच अडकली होती. म्हणजे घरात आत्या एकटी. मोनिका म्हणाली, "सकाळपर्यंत थांबा. दिवस आहेत अजून." ती बरोबर बोलत होती. पण माझ्या डोक्यात खरेदी खातं सुरू झालं होतं. आत्याला उद्या दवाखान्यात हलवलं तर? घराला कुलूप लागलं तर? महापालिकेच्या माणसांनी औषध फवारलं आणि पासपोर्ट भिजले तर? मी दोन मास्क लावले आणि स्कूटर काढली. आई मागून म्हणाली, "पस्तान असं मधेच उचलून आणत नसतात." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

आत्याच्या दारावर कागद चिकटवलेला होता. कडी नुसती लोटलेली. समोरच्या गॅलरीतून एक म्हातारे चाचा म्हणाले, "भाई, अंदर नको जाओ. उनकू बीमारी हुई." मी म्हणालो, "एक मिनिट का काम है," आणि आत गेलो.

पिशवी देव्हाऱ्यासमोर पाटावर होती. आईनंच शिवलेली लाल खणाची पिशवी. उघडून बघितलं, चार पासपोर्ट, त्यांच्यावर हळदकुंकू, सुपारी आणि मूठभर तांदूळ. आईच्या फोटोवर एक तांदूळ चिकटला होता. मला केवढं हायसं वाटलं. पिशवी काखेत मारली आणि वळलो.

आतल्या खोलीतून आवाज आला. "विश्वा, पाणी दे रं जरा."

मी तिथंच थांबलो.

एप्रिलमध्ये आप्पा दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होते आणि मी खाली फाटकात. वर कुणाला सोडत नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी फोनवरून मला फोन केला. दम लागत होता. म्हणाले, "कुणाला तरी पाणी द्यायला सांग." माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी फाटकावरच्या माणसाला विनवलं, हात जोडले, शिव्या दिल्या. त्यानं बाटली घेऊन बाजूला ठेवली आणि वर पाठवतो म्हणाला. संध्याकाळी आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा ती बाटली तिथंच स्टुलावर होती. हे मी आईला सांगितलेलं नाही. मोनिकालाही नाही.

पिशवी खाली ठेवली आणि आत गेलो. आत्याला हातात पेला धरवत नव्हता. मी तिला टेकवून बसवलं आणि पेला तोंडाला लावला. ती घटाघटा प्यायली आणि तेवढंच उलटून पडलं, माझ्या अंगावर, मास्कवर. दोन्ही मास्क ओले झाले ते काढून खिशात घातले. चादर बदलली. तिला पुन्हा थोडं थोडं पाजलं. स्वयंपाकघरात भात होता, त्याची मऊ पेज केली. "लांब हो बाबा, लांब हो," असं ती म्हणत होती आणि माझा हातही सोडत नव्हती.

"विश्वा," ती म्हणाली, "आप्पा..."

"आत्या, ताप बघू दे," मी म्हणालो आणि थर्मामीटर शोधायला उठलो.

हे माझं नेहमीचं होतं. आप्पा गेल्यावर आत्या आमच्या घरी दोनतीनदा आली. आईच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडं वळली की मी काहीतरी काम काढायचो. एकदा चहा ठेवायला पळालो, एकदा मृत्यूचा दाखला आणायचा आहे म्हणून गाडी काढली. मला वाटायचं, मी बसलो तर घर कोण चालवणार?

घरी आलो तर मोनिका फाटकात उभी होती. माझ्याकडं बघूनच तिनं ओळखलं. "मास्क कुठंय?"

"भिजला."

"तिथंच थांबा," ती म्हणाली आणि लहान पोराला अडवावं तसा हात आडवा घातला. मी जिन्यानं सरळ गच्चीवरच्या खोलीत गेलो. माझी गादी, पुस्तकं, चार्जर, सगळं तिनं आधीच वर पाठवलेलं होतं. पासपोर्ट सॅनिटायझरनं पुसले आणि पिशवीसकट गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. आत्याला मी रोज फोन करायचो; दुसऱ्या दिवशी तिच्या गल्लीतल्या लोकांनी डबा सुरू केला, औषध सुरू झालं, इंद्रजीत दवाखान्यातच होता पण त्यालाही उतार पडत होता. माझा डबा मोनिका जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून खाली जायची. मी गच्चीवर फेऱ्या मारायचो. इकडून टाकी, तिकडून टाकी. घसा खवखवतोय का हे बघण्यासाठी इतका आवंढा गिळला की तो त्यामुळेच दुखायला लागला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी लॅबचा माणूस येऊन चौघांचे नमुने घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर अहवाल आले. आई निगेटिव्ह, मोनिका निगेटिव्ह, सत्यम निगेटिव्ह. मी पॉझिटिव्ह.

मी कठड्याशी गेलो. खाली अंगणात आई तुळशीजवळ बसली होती. मी वरूनच सांगितलं. तिनं वर बघितलं, मग तुळशीची दोन वाळलेली पानं खुडली.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुणीच नाय जायचं."

"आई, मला काहीही झालेलं नाही. साधा ताप पण नाही. तुम्ही तिघं जा."

"नाय."

"तिकीट परत मिळणार नाही. कधी मिळेल ते कुणालाच माहीत नाही. सायली तिकडं..."

"विश्वा, एका माणसाला दवाखान्यात सोडून मी घरी आले. म्हणले, डॉक्टर हायेत, पोरगा हाय, काय नाय व्हायचं. आता परत नाय सोडून जायची मी कुणाला."

मी खूप बोललो. नियम सांगितले, लस सांगितली, ऑक्सिजनचा आकडा कठड्यावरून वाचून दाखवला. मी जितका बोलत होतो तितकी ती घट्ट होत होती. मोनिका दारात उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळानं ती आत गेली आणि मला बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. ती कपडे बाहेर काढायला लागली होती. सत्यम पायरीवर बसून टोप्यांच्या घड्या घालत होता. मला वाटलं, संपलं. मीच घालवलं. त्या दिवशी सकाळपर्यंत थांबलो असतो तर आत्यानं पिशवी दारात ठेवली असती. पण मग ते पाणी कुणी दिलं असतं? दोन्ही खरं होतं आणि मला दोन्हीचा राग येत होता. मी आत्याला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचं होतं.

"ठेव फोन," आत्या म्हणाली.

मिनिटभरात आईचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. अर्धी गल्ली ऐकते.

"वयनी, तू पस्तान ठिवलंय ना माझ्या घरी?"

"ठिवलं व्हतं, वन्सं."

"मग तू निघालीयास. शुक्रवारीच निघालीयास. निघाल्यालं माणूस घरी बसून काय करतंय?"

आईनं बसल्या जागेवरून आतल्या बॅगेकडं बघितलं.

"वाटंवरनं माघारी फिरायचं नसतंय, हे तूच सांगत असतीस सगळ्यांला. पोरगी वाट बघतीया तिकडं."

"अन् विश्वा?"

"त्याला हिकडं धाड. जे माझ्या अंगात हाय तेच त्याच्या अंगात हाय. आता आम्हाला कोण कुणाचं लावणार? मी उठाय-बसाय लागले आता. त्यानं माझं बघितलं, मी त्याचं बघते."

मी कठडा धरून उभा होतो. आईनं पदर नीट केला.

"त्याला तुरीच्या डाळीनं पित्त हुतंय," ती म्हणाली. "मुगाचं वरण कर."

मोनिकानं कपडे पुन्हा भरायला घेतले.

रविवारी उजाडायच्या आत मी कठड्यावरून लाल पिशवी उचलली. पासपोर्ट पुसून कोरडे झाले होते. सुपारी होती, तांदूळ काही चिमण्यांनी खाल्ले होते. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून मोनिकाकडं मूठभर तांदूळ मागितले. ती हसली नाही, हे तिचे उपकार. स्कूटरवरून, कुणालाही न शिवता, उस्मानपुऱ्यात गेलो आणि पिशवी आत्याच्या फाटकाला बाहेरून अडकवून आत शिरलो.

सात वाजता गाडी गल्लीत आली. आई उतरली. आम्ही दोघं खिडकीत होतो, जाळीच्या आड. आईनं फाटकावरची पिशवी काढली, छातीशी धरली, घराला हात जोडले. आमच्याकडं बघितलं पण बोलली नाही, कारण निघताना मागं बोलायचं नसतं. मोनिकानं गाडीतून हात हलवला. सत्यमनं काच खाली करून सांगितलं, "पप्पा, मी प्राण्यांचा व्हिडिओ काढीन." मी म्हणालो, "आधी अहवाल आणि पासपोर्ट हातात ठेवा, बॅगेत नको." गाडी कोपऱ्यावर वळली.

मग पुढचा दीड दिवस मी आत्याच्या घरात फेऱ्या मारल्या. नाशिक गेलं का, मुंबई आली का, बोर्डिंग झालं का. थोडा ताप आला, अंग दुखलं. आत्या एका जागी बसून मला बघायची. "बस की रं," ती म्हणायची. "तुझ्या चालण्यानं इमान लवकर जाणार हाय का?" विमान पोचलं. तिथं उतरल्यावर पुन्हा चाचणी झाली आणि अहवाल येईपर्यंत तिघांना हॉटेलच्या खोलीत बंद करून ठेवलं. सायली त्याच शहरात, आणि तरी आई तिला फोनवरच बघत होती. मी मोनिकाला दर तासाला विचारत होतो, आला का. शेवटी तिनं फोन उचलणं बंद केलं.

सोमवारी संध्याकाळी आत्या खाटेवर बसून लसूण सोलत होती तेव्हा मोनिकाचा व्हिडिओ कॉल आला. ती फोन पुढं धरून चालत होती. एक लिफ्ट, एक लांब व्हरांडा, एक दार. आईची पाठ दिसत होती. खांद्याला ती लाल पिशवी. दार उघडलं. सायली होती. तिच्या कडेवर पोरगी. सायली किती वाळली होती, हे फोनवर कधी कळलं नव्हतं. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मोनिकानं पुढं होऊन बाळ घेतलं आणि फोन कुठल्यातरी कपाटावर टेकवला, तिरपा. मग सायली मान खाली घालून आईच्या गळ्यात आली.

"तुझे आप्पा गेले गं माय," आई म्हणाली. "तुझं तोंड न बघता गेले. शेवटपतूर तुलाच इचारत व्हते गं."

सायलीनं जो हंबरडा फोडला तो त्या लांब व्हरांड्यात सगळ्यांनी ऐकला असेल. "आप्पा," ती म्हणत होती, "माझे आप्पा." आईचा आवाज चढत गेला. तिनं सगळं काढलं. त्यांची सायकल, त्यांचा चहाचा पितळी पेला, सायलीच्या लग्नात ते मांडवामागं जाऊन रडले होते ते. आठ महिने कोंडलेलं सगळं बाहेर येत होतं.

मी फोन हातात धरून बघत होतो. झालं होतं. माल पोचला होता. मला काय करावं कळेना. मी म्हणालो, "मोनिका, त्या अहवालाची प्रत फोनमध्ये ठेवली ना? रोजची टेस्ट पण करायची आहे." तिकडून कुणी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "मोनिका." मग उठायला लागलो, आत्याच्या गोळ्यांची वेळ झाली होती, निदान पाणी तरी आणावं.

आत्यानं माझं मनगट धरलं. लसणाच्या हातानंच. फोन माझ्या हातातून काढून खाटेवर ठेवला. त्यातून त्या दोघींचा आवाज येतच होता.

"कुठं चाललास?" ती म्हणाली. "बस."

"आत्या, तुझ्या गोळ्या..."

"तुझा बाप गेला रं विश्वा," ती म्हणाली आणि तिनं माझी मान आपल्या खांद्यावर ओढून घेतली.

करायला काही काम उरलं नव्हतं. सगळी तिकिटं निघाली होती, सगळे अहवाल आले होते, जो तो जिथं पोचायचा तिथं पोचला होता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडलो. बाटलीचं सांगितलं. फाटकावरच्या त्या माणसाचं, स्टुलाचं, सगळं सांगितलं. आत्या माझ्या पाठीवर हात फिरवत तिच्या भावाचं नाव घेऊन रडत होती. समोरच्या गॅलरीतले चाचा जाळीतून डोकावून गेले असावेत, कारण थोड्या वेळानं त्यांच्या घरचा रेडिओ बंद झाला.

बऱ्याच वेळानं आत्यानं पदरानं आपलं तोंड पुसलं, मग माझं पुसलं.

"ऊठ," ती म्हणाली. "चहा ठेव आता."